ठेसन

आमची आजी स्टेशनला 'ठेसन' म्हणे आणि आम्ही इंग्रजी शिकणारी नातवंडे तिला हसत असू. पुढे कोश चाळताना ते हसू माझ्यावरच उलटले. 'स्टेशन' हा शब्द 'उभे राहणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला; आपल्या संस्कृत 'स्था'चा तो चुलतभाऊच! उभे राहण्याची जागा, पहाऱ्याची जागा, माणसाची समाजातली पायरी, हे त्याचे जुने अर्थ. आगगाडी फार उशिरा आली.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून उतारूंची पहिली गाडी सुटली, ती २१ मैलांवरच्या ठाण्याला. शिलाहारांच्या लेखांत या गावाचे नाव 'श्रीस्थानक'. म्हणजे गाडी येण्यापूर्वी कित्येक शतके गावाच्या नावातच स्टेशन होते! पोलीस स्टेशनलाही आपण ठाणेच म्हणतो.

राहता राहिली पायरी. गाडीत वर्ग तीन होते, पण ते पैशांचे. जातीवार डबे नव्हते. आजी कडक सोवळ्याची. घरात कोणी कुठे बसायचे, हे तिनेच ठरवलेले. ठेसनावर मात्र तीही तिसऱ्या वर्गाच्या गर्दीत, शेजारी कोण हे न विचारता, गाठोडे घेऊन मुकाट्याने उभी राही.