रस्ता दाखवणारे : लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा एक इतिहास



आजचा विषय इतिहासाचा आहे, पण तो सुरू होतो दोन अगदी साध्या प्रश्नांपासून. सायकल घेतली, रोज पंचवीस-तीस किलोमीटरची सवय झाली. आता दोनशे-तीनशे किलोमीटरची तयारी करायची आहे. तर मग जायचं कुठून? आणि जायचं कोणाबरोबर? सायकलवाल्यांच्या कुठल्याही मेळाव्यात गेलात तरी नवा माणूस हेच दोन प्रश्न विचारतो. आपल्याला वाटतं की मोबाइलमधल्या नकाशानं यातला पहिला प्रश्न सोडवला, आणि दुसरा काही फार महत्त्वाचा नाही. इतिहास याच्या उलट सांगतो. हे दोन्ही प्रश्न जवळजवळ दीडशे वर्षं जुने आहेत आणि ते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. चांगला मार्ग म्हणजे आधी गेलेल्यांनी मागं ठेवलेली माहिती. ती माहिती टिकवण्याचं काम कोणीतरी मिळून करावं लागतं. कसं, ते आपण पाहू.

ऑगस्ट १८७८. इंग्लंडमधल्या हॅरोगेट गावी स्टॅन्ली कॉटरेल या तरुणाच्या पुढाकारानं ‘बायसिकल टूरिंग क्लब’ स्थापन झाला. १८८३ मध्ये त्याचं नाव ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ झालं. तेव्हाची सायकल डोळ्यांसमोर आणा. पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं, मागचं ताटलीएवढं, ब्रेक नावापुरता. उतारावर चाकाला धोंडा लागला की माणूस थेट तोंडावर. आणि रस्ते? रेल्वे आल्यापासून घोडागाड्यांची लांबची वाहतूक संपली होती. त्यामुळं गावागावांना जोडणारे जुने हमरस्ते ओस पडले, वाटेवरच्या खाणावळी बंद पडत गेल्या. म्हणजे सायकलवाला ज्या रस्त्यावर निघाला, त्या रस्त्याची खबर ठेवणारं कोणी उरलंच नव्हतं.

ही खबर क्लबनं गोळा करायला घेतली. गावोगावी एकेक सभासद नेमला. त्याला ते ‘कॉन्सल’ म्हणत, म्हणजे वकिलातीतला वकील असतो तसा. परगावचा सायकलवाला आला की या माणसानं त्याला पुढचा रस्ता कसा आहे, मुक्काम कुठं करावा, सायकल मोडली तर कोणाकडं जावं हे सांगायचं. खानावळींशी बोलून सभासदांसाठी दर ठरवले, आणि ज्यांनी मान्य केलं त्यांच्या भिंतीवर पंख असलेल्या चाकाचं चिन्ह लावलं. धोक्याच्या उतारांच्या माथ्यावर सावधगिरीच्या पाट्या रोवल्या. आज रस्त्यावर आपण ‘पुढे तीव्र उतार’ अशी पाटी वाचतो ना, तशा पाट्या रोवण्याचं काम मोटार येण्याच्या आधीच सायकलवाल्यांनी सुरू केलं होतं.

नकाशांचंही तेच. बार्थोलोम्यू ही स्कॉटलंडमधली नावाजलेली नकाशे छापणारी कंपनी. तिच्या नकाशांवरच्या रस्त्यांच्या दुरुस्त्या या क्लबचे सभासद पाठवायचे. हा रस्ता खराब झाला, तो आता चांगला आहे, इथं चढ अवघड आहे. १८९६ मध्ये हॅरी इंग्लिस यांचं स्कॉटलंडच्या रस्त्यांचं ‘कंटूर रोड बुक’ निघालं. त्यात प्रत्येक रस्त्याचा उभा छेद काढलेला होता, कुठं किती चढ नि कुठं किती उतार. आज मोबाइलवर मार्ग टाकला की खाली जी डोंगररेषा दिसते, तिचं हे छापील पूर्वरूप. त्या पुस्तकामागं मोजमाप करत केलेला प्रवास होता, हे मात्र लक्षात ठेवायचं.

इथं एक प्रसंग सांगायला हवा, कारण ‘चांगला मार्ग’ कोणासाठी चांगला, हा प्रश्न त्यानं उभा केला. १८९८ च्या ऑक्टोबरमध्ये लेडी हार्बर्टन सरे परगण्यातल्या ऑकम गावी सायकलवरून गेल्या. त्यांनी घागऱ्याऐवजी सैलसर विजार घातली होती. तिथल्या ‘हॉटबॉय’ या हॉटेलच्या मालकिणीनं त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिलं नाही. सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबनं हॉटेलवर खटला भरला. १८९९ मध्ये क्लब तो हरला. खटला हरला, पण मुद्दा कायमचा मांडला गेला. नकाशावर रस्ता आहे, हॉटेल आहे, चिन्हसुद्धा आहे, आणि तरी निम्म्या माणसांना तिथं सन्मानानं बसता येत नसेल, तर तो मार्ग अर्धाच तयार झालेला आहे. आपल्याकडं मुली पहाटे साडेचारला एकट्यानं सरावाला निघतात, तेव्हा वाटेत दिवे कुठं आहेत, उघडी टपरी कुठं आहे, स्वच्छतागृह कुठं आहे, हे सगळं त्यांच्यासाठी मार्गाचाच भाग असतं. पुरुषांनी आखलेल्या मार्गपत्रिकेत ते सहसा नसतं.

आता दुसऱ्या प्रश्नाकडं येऊ. कोणाबरोबर? यासाठी फ्रान्समध्ये जावं लागेल.

१८९१ मध्ये ‘ल पेती जुर्नाल’ या वृत्तपत्राचे पिएर जिफार यांनी पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत भरवली. दोनशेहून अधिक जण निघाले. वाटेत ठरलेल्या ठिकाणी थांबून आपल्या पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा होता. शार्ल तेरों हा गडी सुमारे ७१ तासांत परत आला. पुढं असलेला झियेल-लावाल झोपला आणि तेरों न झोपता निघून गेला, ही त्या शर्यतीची कथा. वर्तमानपत्राला ती छानच मिळाली. पण साध्या माणसानं त्यातून काय घ्यायचं? झोपू नका, एवढंच?

साध्या माणसासाठीचं उत्तर इटलीतून आलं. १८९७ च्या जूनमध्ये काही सायकलस्वार रोमहून नेपल्सला निघाले. अंतर २३० किलोमीटर, अट एकच, उजाडल्यापासून मावळेपर्यंत पोहोचायचं. त्यांना नाव मिळालं ‘ऑडॅक्स’. लॅटिन शब्द आहे, अर्थ ‘धाडसी’. ही कल्पना १९०४ मध्ये ऑन्री देग्रांज यांनी फ्रान्समध्ये आणली. हेच ते ‘तूर द फ्रान्स’ सुरू करणारे गृहस्थ. त्यांच्या ऑडॅक्समध्ये सगळ्यांनी एकत्र जायचं, ठरलेल्या वेगानं जायचं. पुढं एक कप्तान. त्याला कोणी ओलांडायचं नाही. थांबे ठरलेले. जोरात जाणाऱ्यानं आवरायचं, हळू जाणाऱ्याला समूहानं ओढून न्यायचं. त्याच वर्षी या कामासाठी ‘ऑडॅक्स क्लब पारिझियें’ उभा राहिला.

पुढं १९२१ मध्ये या क्लबचं आणि देग्रांज यांचं बिनसलं, आणि क्लबनं दुसरी पद्धत काढली. मार्ग तोच, शिक्क्यांची ठिकाणं तीच, पण वेग ज्याचा त्याचा. एकट्यानं जा, दोघं जा, दहा जण जा, फक्त ठरलेल्या वेळेत पोहोचा. आज ज्याला आपण ‘ब्रेव्हे’ म्हणतो ती ही पद्धत. १९३१ मध्ये पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसच्या रस्त्यावर व्यावसायिकांच्या शर्यतीबरोबर या दोन्ही पद्धतींचे हौशी सायकलस्वारही धावले. व्यावसायिकांची शर्यत १९५१ नंतर बंद पडली. हौशी माणसांची यात्रा आजही दर चार वर्षांनी भरते.

म्हणजे ‘समूहानं सायकल चालवणं’ या एका शब्दाखाली दोन वेगळे करार आहेत, बरं का. एक, आपण एकत्र पोहोचू. दुसरा, आपण एकाच वाटेनं जाऊ, पण आपापलं पाहू. दोन्ही प्रामाणिक आहेत. भांडणं कधी होतात? निघताना पहिला करार सांगितला जातो आणि चाळिसाव्या किलोमीटरला दुसरा लागू होतो तेव्हा.

त्याच काळात सेंत-एतियेनचे पॉल द व्हिव्ही, टोपणनाव ‘व्हेलोसियो’, ‘ल सिक्लिस्त’ या आपल्या मासिकातून लांब पल्ल्याचा धडा देत होते. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, थांबे थोडे आणि छोटे ठेवा, आणि दुसऱ्याला दाखवण्यासाठी पायडल मारू नका, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ. शेवटचा मुद्दा समूहात गेल्यावर सगळ्यात आधी विसरला जातो.

आता आपल्याकडं येऊ. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर जग फिरायला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. सुमारे ७१,००० किलोमीटर. पंजाब, बलुचिस्तान, इराण, मग वाळवंट. अशा प्रदेशांत नकाशा थोडा वेळ साथ देतो, नंतर स्थानिक माणूसच रस्ता दाखवतो.

आपल्या बोरघाटात तर रस्ता दाखवणाऱ्याचं देऊळच आहे. शिंग्रोबाचं. इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, ती शिंग्रोबा या धनगरानं दाखवली आणि बक्षिसाऐवजी त्याला गोळी मिळाली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका आहे, पुरावा नव्हे. पण घाट चढून आलेली माणसं तिथं थांबतात, हात जोडतात. मुंबई-पुणे सायकल शर्यत याच बोरघाटातून जाते आणि इथला चढ सर्वांत आधी जिंकणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणतात. राजाचं नाव दुसऱ्या दिवशी छापून येतं. वाट सांगणाऱ्याचं येत नाही.

२०१० च्या आसपास मुंबई-पुण्यात ब्रेव्हे सुरू झाल्या आणि पाहता पाहता महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पसरल्या. त्यांचं गणित सरावासाठी फार शहाणपणाचं आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. वेग फार लागत नाही, थांबे धरून ताशी पंधराच्या आसपास. पण प्रत्येक पायरी नवी गोष्ट शिकवते. दोनशेत दिवसभर खाणं-पिणं सांभाळणं येतं. तीनशेत अंधार येतो. चारशेत पूर्ण रात्र. सहाशेत अपुऱ्या झोपेनंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा खोगिरावर बसणं. चारही एका हंगामात पुरे केले की ‘सुपर रँडोनर’, आणि पॅरिसला जायचं तर त्या वर्षी ते लागतंच. २०१९ मध्ये आपल्या देशातून शेकडो जण तिकडं गेले. बरेच जण वेळेत पोहोचू शकले नाहीत. तिथं सपाटी जवळजवळ नाही, सतत लहान लहान चढउतार, आणि रात्री थंडी. अंतराचा सराव झाला, पण त्या जातीच्या रस्त्याचा झाला नाही, तर असं होतं. मार्ग निवडणं हाच सरावाचा निम्मा भाग आहे, तो असा.

मग आपल्या वाटांचं काय? यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण खंबाटकी घाटाचं पाहा. पुण्याहून साताऱ्याला जाताना घाट चढायचा असे आणि परतताना बोगदा. म्हणजे जातानाची आणि येतानाची वाट वेगळी, आणि बोगद्यात मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसलं पाहिजे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडं येणारा उतार घ्या. नकाशावर तो रुंद, गुळगुळीत रस्ता आहे. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांचे किती अपघात तिथं झाले, हे पुणेकराला विचारा. लोकप्रियतेचा रंगीत नकाशा दाखवणारी स्ट्राव्हासारखी अॅप उपयोगी आहेतच. लोक कुठून जातात हे ती दाखवतात. ते रविवारी पहाटे पाचला गेले की बुधवारी सकाळी नऊला, हे त्या रंगात दिसत नाही. पावसाळ्यात घाटातली कडेची माती कुठं वाहून गेली, कुठल्या वस्तीजवळ कुत्री अंगावर येतात, कुठली टपरी पहाटे उघडते, हे तर नाहीच.

म्हणून नव्या माणसानं एखाद्या गटात जाण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात, असं आम्ही सुचवतो. आजचा वेग किती आणि तो कोण ठरवणार? चाक पंक्चर झालं तर कोण थांबणार? आणि सगळ्यात शेवटचा माणूस कोण, त्याच्या मागं कोण असणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जिथं पटकन मिळतं, तो गट चांगला. वेग नंतर वाढतो. महामार्गाच्या कडेला अंधारात एकटा पडलेला नवा सायकलवाला मात्र बऱ्याचदा पुन्हा येत नाही, आणि कधी कधी याहून वाईटही घडतं. या शहरांनी असे मित्र गमावलेले आहेत.

आणि जुन्यांसाठी एकच काम. त्या इंग्रज कॉन्सलांनी जे केलं ते आपण करू शकतो. प्रत्येक गावात एक माणूस, एक वही. रस्ता कुठं उखडला, कुठं दुरुस्त झाला, रात्री पाणी कुठं मिळतं, बायकांना कुठं निर्धास्तपणे थांबता येतं. तारीख घालून लिहायचं, कारण आपल्याकडं रस्ता एका पावसाळ्यात बदलतो. पुढच्या महिन्यात दोनशेची तयारी करणारा कोणीतरी पहाटे निघणार आहे. त्याला ती वही मिळाली पाहिजे.

प्रश्न असतील तर आता घेऊ.