डिलिव्हरीच्या मुलांचे अपघात : घरच्यांनी आधीच पाहून ठेवायचे कागद

खांदा कॉलनीला लागून सायन-पनवेल महामार्ग जातो. नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली या पट्ट्यात संध्याकाळनंतर रस्त्यावर सर्वांत जास्त दिसतात ती पाठीवर मोठी बॅग घेतलेली पोरं. त्यांत आपल्या घरातली मुलंही आहेत. शाळेत आम्ही ज्यांना दहावीपर्यंत शिकवले, त्यांतलेही काही या कामात आहेत. मेहनतीची, हलाल कमाई आहे. पण अपघात झाला की मदत कोणाकडून, किती मिळणार, हे बऱ्याचदा आधीच्या कागदांवर ठरते. म्हणून ही माहिती.

अपघात का होतात?

पैसे ऑर्डरमागे मिळतात, त्यामुळे प्रत्येक मिनिट वाचवावेसे वाटते. पुढचा यू-टर्न लांब असतो म्हणून उलट्या दिशेने गाडी घातली जाते. हँडलवरच्या फोनमध्ये नकाशा पाहावा लागतो. पावसाळ्यात खड्डे पाण्याखाली जातात. रमजानमध्ये इफ्तारच्या आधी ऑर्डरची घाई असते आणि रोजा असलेला मुलगा तोवर थकलेला असतो. जून २०२४ मध्ये मुंबई वाहतूक पोलिसांनी ई-बाइकवाल्यांविरुद्ध खास मोहीम चालवली होती. दोष नेहमी मुलाचाच असतो असे नाही, पण मार मात्र त्यालाच बसतो.

गाडी कोणाच्या नावावर?

गाडीचा थर्ड पार्टी विमा समोरच्याच्या नुकसानीसाठी असतो, आपल्या मुलासाठी नाही. मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्यालाच लागू होतो, आणि त्याच्याकडे चालू लायसन्स हवे. भावाची किंवा मामूंची स्कूटर घेऊन गेलेल्या मुलाला तो मिळत नाही. शिवाय घरगुती वापराच्या पॉलिसीवर डिलिव्हरी केली तर विमा कंपनी हरकत घेऊ शकते. आधी विचारून घ्या, उत्तर लेखी मागा.

आयडीचेही तसेच आहे. दुसऱ्याच्या आयडीवर काम करणाऱ्या मुलाला कंपनीचा अपघात विमा मागणे कठीण जाते. थोड्या पैशांसाठी आयडी भाड्याने घेऊ नका, देऊही नका.

ई-बाइकला लायसन्स लागत नाही का?

मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल तरच नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. वेग वाढवून घेतला की तिला नोंदणी, विमा, लायसन्स सगळे लागते. हे नसताना एखाद्या वृद्धाला धडक बसली तर भरपाई थेट घरावर येऊ शकते. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

अपघात झाल्यावर

१. आधी १०८ किंवा ११२ वर फोन करा. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. पोलीस त्याला नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. म्हणून बघत उभे राहू नका.

२. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे. मोटार वाहनाच्या अपघातात ठरवून दिलेल्या दवाखान्यात पहिल्या ७ दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. दाखल करतानाच या योजनेचे नाव घ्या.

३. पोलिसांत नोंद कराच. ‘आपसात मिटवू’ म्हणून सोडून दिले तर पुढे दावा करणे अवघड होते. समोरच्या गाडीचा नंबर, जागेचे फोटो आणि त्या वेळी चालू असलेल्या ऑर्डरचा स्क्रीनशॉट ठेवा. कंपनीचा विमा बहुतेक वेळा कामावर असतानाच लागू होतो.

४. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो. कायद्यातली मुदत अपघातापासून ६ महिन्यांची आहे. वकील लवकर गाठा.

५. धडक देणारा पळून गेला आणि सापडला नाही, तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयाकडे करायचा असतो.

आज काय करता येईल?

मुलाचे ई-श्रम कार्ड काढा. नोंदणी मोफत आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्यात डिलिव्हरी कामगारांचा पहिल्यांदाच उल्लेख आहे. या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची तरतूदही आहे. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूवर २ लाख. फॉर्मवर वारसाचे नाव भरले आहे ना, तेही तपासा.

मुलाच्या आरसी, लायसन्स, पॉलिसी आणि आयडीची झेरॉक्स घरात एका फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल कुठे आहे ते अम्मीला किंवा बायकोला सांगून ठेवा. आयएसआय मार्कचे हेल्मेट पट्टा लावूनच घालायला सांगा. आणि ऑर्डर आपण स्वतः केली असेल, तर दहा मिनिटे उशीर झाला म्हणून गाडी चालवणाऱ्याला फोन करू नका. तोही कोणाच्या तरी घरचा मुलगा आहे.