नेट न्यूट्रॅलिटी : मजकूर कोणाचा, हे वाहणाऱ्याने पाहू नये

कोल्हापूरहून सुमारे पन्नास किलोमीटरवरील राधानगरीला सर्व वृत्तपत्रांचे गठ्ठे एकाच गाडीने जातात, असे समजा. उद्या गाडीवाल्याने एका दैनिकाचा गठ्ठा फुकट न्यायचे आणि इतरांकडून दुप्पट भाडे घ्यायचे ठरवले, तर कोणावरही बंदी न घालता राधानगरीकरांनी काय वाचावे हे तोच ठरवू लागेल. इंटरनेटवर असे घडू नये, हा आग्रह म्हणजे नेट न्यूट्रॅलिटी, अर्थात इंटरनेटची तटस्थता. जोडणी पुरवणाऱ्या कंपनीने कोणतेही संकेतस्थळ अडवू नये, त्याचा वेग मुद्दाम घटवू नये आणि मजकूर पाहून दर बदलू नये, इतकाच तिचा अर्थ. अमेरिकेतील कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी २००३ मध्ये ही संज्ञा रूढ केली.

अडवणुकीची भीती काल्पनिक नाही. कॅनडातील टेलस या दूरसंचार कंपनीने २००५ मध्ये आपल्याच कामगारांशी संघर्ष सुरू असताना त्यांची बाजू मांडणारे संकेतस्थळ ग्राहकांसाठी बंद केले. त्याच सर्व्हरवरील, वादाशी संबंध नसलेली सातशेहून अधिक संकेतस्थळेही त्यात दिसेनाशी झाली.

दराचा प्रश्न मात्र अधिक सूक्ष्म आहे, आणि महाराष्ट्राला अधिक जवळचाही. फेसबुकने फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साह्याने महाराष्ट्रासह सहा राज्यांत ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही योजना आणली. पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. निवडक संकेतस्थळे फुकट, उरलेले महाजाल पैसे मोजून. या निवडक यादीत ‘महाराष्ट्र टाइम्स’ होता. देशभर विरोध वाढल्यावर, आपले प्रतिस्पर्धी अशा योजनांत नाहीत हे कारण देऊन, टाइम्स समूहाने एप्रिलमध्ये तो बाहेर काढण्याचे जाहीर केले.

मार्क झुकरबर्ग यांनी डिसेंबर २०१५ मध्ये वृत्तपत्रीय लेखातून योजनेचे समर्थन करताना उदाहरण दिले ते महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचे. हवामान आणि बाजारभाव त्याला फुकट कळतात, हा त्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. पण शेतकरी केवळ वाचक नसतो. राधानगरी अभयारण्यालगतच्या एखाद्या शेतकऱ्याने गव्यांनी केलेल्या नुकसानीविषयी स्वतःचे संकेतस्थळ काढले, तर फेसबुकच्या अटी पुऱ्या केल्याशिवाय ते शेजारच्याच फुकट फोनवर दिसणार नव्हते. बोलण्याची मुभा होती. ऐकणाऱ्याकडे मात्र पैसे मागितले जात होते.

किंमत आणि अभिव्यक्ती यांचे हे नाते भारतीय न्यायालयांना नवे नाही. वृत्तपत्राची किंमत आणि पाने यांची सांगड घालणाऱ्या १९५६ च्या कायद्याला व १९६० च्या आदेशाला पुण्याच्या ‘सकाळ’ने आव्हान दिले होते. एकतर किंमत वाढवा किंवा पाने घटवा, असा तो पेच होता. मजकूर वाचकांपर्यंत पोहोचवणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचे सांगून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६१ मध्ये ते निर्बंध रद्द ठरवले. तेथे प्रतिवादी सरकार होते, खासगी कंपनी नव्हे, हा फरक मोठा आहे. म्हणूनच इंटरनेटसाठी स्वतंत्र नियमांची गरज भासली.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) मार्च २०१५ मध्ये सल्लामसलतीचा मसुदा काढला, तेव्हा दहा लाखांहून अधिक ई-मेल आले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे डेटादर आकारण्यास मनाई केली. उल्लंघनाबद्दल दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये भरपाई ठेवली. आणीबाणीच्या सेवांना सवलत राहिली. ‘फ्री बेसिक्स’ने त्यानंतर भारतातून गाशा गुंडाळला. जुलै २०१८ मध्ये केंद्राने तटस्थतेचे तत्त्व मान्य केले आणि पुढे ते परवान्यांच्या अटींतही आणले. अमेरिकेत याउलट धरसोड झाली: २०१५ चे नियम २०१७ मध्ये मोडीत निघाले, २०२४ मध्ये परतले आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने ते पुन्हा रद्द केले.

भारतातील या अटी बांधतात त्या कंपन्यांना. सरकारी आदेशाने एखादे संकेतस्थळ रोखणे किंवा तणावाच्या काळात जिल्ह्याचे इंटरनेट बंद ठेवणे त्यांच्या कक्षेत येत नाही.