तळटीप : बदामीचे बंड

* ५ सप्टेंबर १८३९ रोजी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडले. त्यानंतर त्यांच्या नावाने झालेल्या उठावांत बदामीचा उठाव सर्वांत धाडसी, आणि सर्वांत कच्चाही. १८४०-४१ च्या सुमारास नरसिंगराव पेटकर हा अंध ब्राह्मण निजामाच्या मुलखातून सव्वाशे अरब घेऊन कंपनीच्या हद्दीत शिरला. त्याने बदामी घेतली, साताऱ्याचे निशाण लावले, खजिना आणि बाजारपेठ लुटली. मूळ लेखक त्याला लुटारूंत काढतो, ते पटत नाही. लूट निजामाच्या हद्दीत पोचवून पेटकर परत आला आणि जमिनी लावून देऊ लागला. नुसता दरोडेखोर हे कशाला करील? पण रयत उठेल ही आशा फोल ठरली. आठवडाभरात कंपनीची फौज येऊन थडकली. पेटकर पकडला गेला. त्याला जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. — संपादक