लाईट ‘गेली’ आणि लाईट ‘बंद केली’ यात फरक आहे: मोटार-स्टार्टर दुरुस्तीआधी हे वाचा

शिरूर तालुक्यातलं वडगाव रासाई हे भीमा नदीकाठचं गाव. नदीच्या पलीकडे दौंड तालुका. अशा नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात मोटार, स्टार्टर आणि केबल हा घराचाच भाग असतो. पाण्याची पाळी आली आणि मोटार उठली नाही, तर मिस्त्री येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. त्यामुळे पक्कड-टेस्टर घेऊन घरातलंच कुणीतरी निघतं.

यातली बरीच छोटी कामं घरी करता येतात. मात्र एक चूक जिवावर बेतते. ती म्हणजे “लाईट गेलीये, तोवर उघडून बघू” असं म्हणून पेटीत हात घालणं.

लाईट गेलेली असताना धोका का असतो?

- ती कधीही परत येते. शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री पाळीने मिळते. ती येण्याआधी कुणी सांगत नाही.
- ऑटो स्विच. स्टार्टरला ऑटो स्विच असेल तर लाईट येताच मोटार आपोआप सुरू होते. तेव्हा पंपाच्या कपलिंगवर किंवा पट्ट्यावर हात असेल तर तो गेलाच. ऑटो स्विच वापरू नका, असं आवाहन महावितरण सतत करत असते. सगळ्या मोटारी एकाच वेळी सुरू झाल्या की डीपीवरही ताण येतो.
- एखादा फेज चालू असतो. मोटार थांबली म्हणजे तिन्ही तारा मेल्या असं नाही. दोन फेज गेले आणि एक राहिला तरी मोटार उठत नाही, पण त्या एका तारेत माणूस मारण्याएवढा दाब असतो.
- कपॅसिटर. पुरवठा तोडल्यावरही त्यात काही काळ वीज साठून राहते.
- इन्व्हर्टर. घरातली लाईट गेली तरी इन्व्हर्टरवरची वायरिंग जिवंतच असते.

हात लावण्याआधीचा क्रम

1. मेन स्विच खाली करा. ऑटो स्विच असेल तर तोही बंद करा.
2. तिन्ही किटकॅट फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. म्हणजे तुम्ही विहिरीवर असताना घरच्या कुणी नकळत मेन टाकला तरी मोटारीकडे वीज जाणार नाही.
3. पेटीवर “काम चालू आहे” अशी पाटी लावा. एमआयडीसीतल्या कारखान्यांत यंत्र दुरुस्त करताना स्विचला कुलूप आणि चिठ्ठी लावतात. रांजणगावला कामाला जाणाऱ्या घरातल्या पोराला विचारा, तो सांगेल. तेच कुलूप आपल्या पेटीलाही चालतं.
4. पाच मिनिटं थांबा, मग तपासा. लाईट असेल तर टेस्टर मेन स्विचच्या येणाऱ्या बाजूला पेटला पाहिजे आणि जाणाऱ्या बाजूच्या तिन्ही तारांवर विझलेला राहिला पाहिजे. येणारी बाजू स्विच पाडल्यावरही जिवंतच असते, तिला हात लावू नका.
5. लाईट नसताना टेस्टर पेटला नाही, तर त्याचा अर्थ एवढाच की आत्ता वीज नाही. तेव्हा स्विच आणि फ्यूज यांवरच भरवसा ठेवा.

ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून काम करू नका. रात्रीच्या पाळीत उसात बिबट्याची भीती असते, त्यामुळे घाई होते आणि घाईत हे टप्पे सुटतात. रात्रीचं काम सकाळवर ढकलता येत असेल तर ढकला.

पेटीत कोणती हत्यारं हवीत?

- चांगला टेस्टर आणि साधा मल्टीमीटर. टेस्टर उन्हात नीट दिसत नाही, शिवाय तो किती व्होल्टेज आहे ते सांगत नाही.
- इन्सुलेशन असलेली पक्कड आणि दोन मापांचे स्क्रूड्रायव्हर. मुठीचं प्लास्टिक तडकलं की ते हत्यार विजेच्या कामातून बाद. त्यावर चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही.
- पान्यांचा सेट. सैल पाना नटाचे कोपरे खातो आणि घसरला की बोटं सोलतो.
- पाइप पाना, हॅकसॉ, कानस, इन्सुलेशन टेप, टेफ्लॉन टेप आणि डोक्याला बांधायची बॅटरी.

काम झाल्यावर हत्यारं पुसून लोखंडाच्या भागाला तेलाचा पातळ हात फिरवा. मुठीला तेल लागू देऊ नका. पेटीत दोन-चार खडू टाकले तर ते ओल शोषतात. गंज चढला असेल तर रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून तारेच्या ब्रशने घासा.

घरी काय करावं, काय करू नये?

*स्वतः करता येईल:* फूटव्हॉल्व्हचा कचरा काढणं, पाइपची गळती, ग्लँडची दोरी बदलणं, स्टार्टरमधली धूळ आणि मुंग्या साफ करणं, सैल टर्मिनल आवळणं. हे सगळं वरचा क्रम पाळूनच.

*फ्यूजला जाड तार नको.* फ्यूज वारंवार जात असेल तर दोष मोटारीत किंवा केबलमध्ये आहे. जाड तार घातली की फ्यूजऐवजी मोटार जळते. ओव्हरलोड रिले मोटारीच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरला लावा. एक फेज गेल्यावर मोटार वाचवायला सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवून घ्या.

*भिजलेली मोटार लगेच चालू करू नका.* वरच्या धरणांतून पाणी सोडलं की नदीवरच्या मोटारी वर काढाव्या लागतात. पृष्ठभागावरची एखादी मोटार बुडालीच, तर आधी रिवाइंडिंगवाल्याकडून वाळवून आणि मेगरने तपासून घ्या.

*डीपीला हात लावू नका.* डीपीवरचा फ्यूज टाकणं हे वायरमनचं काम आहे. तुटलेली तार दिसली तर लांब राहा आणि 1912 वर महावितरणला कळवा.

एमसीबी आहे, मग आरसीसीबी कशाला?

एमसीबी वायरिंग वाचवतो. आरसीसीबी माणूस वाचवतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी वीज अंगातून जमिनीत जाऊ लागताच क्षणात पुरवठा तोडतो. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. मात्र फेज आणि न्यूट्रल एकाच वेळी धरले तर आरसीसीबीही वाचवू शकत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत राहा.

कुणाला शॉक लागला तर?

त्याला हात लावू नका. आधी मेन पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा. हा उपाय फक्त घर-मोटारीच्या वायरसाठी आहे, वरच्या हाय टेन्शन तारेसाठी नाही. लगेच 108 ला फोन करा. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोराने, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबत राहा. माणूस बरा वाटला तरी दवाखान्यात न्याच.

पाण्याची पाळी पुन्हा येते. म्हणून पुढच्या वेळी पेटी उघडण्याआधी खिसा चाचपा. फ्यूज खिशात असतील तरच हात घाला. हा लेख घरात मोटार कोण चालू करतं, त्यांनाही वाचून दाखवा.