अडचणीची वही

रमजान ईदला भाचा पुण्याहून चारठाण्याला आला होता. हातात शीरखुर्म्याची वाटी आणि मांडीवर लॅपटॉप. एका कंपनीच्या संगणकांची देखभाल तो करतो. रात्री यंत्रणा बंद पडली की आधी त्याचाच फोन वाजतो.

"मामू, रनबुक लिहितोय," तो म्हणाला. "यंत्रणा कोलमडली तर कुणी, कोणत्या क्रमानं काय करायचं, त्याची वही."

खरे म्हणजे लिहीत तो नव्हताच. कृत्रिम बुद्धिमत्तेचा ब्राउझर लिहीत होता. कॉमेट, ॲटलस अशा नावांचे हे ब्राउझर २०२५ मध्ये आले. उघडी पाने ते स्वतः वाचतात, जुन्या बिघाडांच्या नोंदी चाळतात आणि मसुदा मांडतात. चहा उकळेपर्यंत वही तयार! मी कौतुक केले, तर भाचा म्हणाला, "मागे रात्री दोन वाजता अशीच एक वही उघडली. तिच्यात ज्याचा नंबर होता, त्यानं नोकरी सोडून दीड वर्ष झालं होतं."

मित्रहो, संकटाच्या वहीचा इतिहास संगणकाहून जुना आहे. १८७६ ते ७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च वाचवण्यासाठी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाकाठी एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर थोडे पैसे, असा हिशेब बसवला. कागदावर तो नेटका होता. खडी फोडणाऱ्याच्या पोटाला मात्र पुरत नव्हता. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी काम सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पत्रांमागून पत्रे लिहिली.

पुढे १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहिता तयार झाली. रनबुकच म्हणा ना! धान्याचे भाव चढू लागले, माणसे गाव सोडून भटकू लागली, की सावध व्हायचे. आधी चाचणीपुरते काम काढायचे. लोक त्यावर आले तर टंचाई खरी समजून मोठी कामे सुरू करायची. कुणी काय करायचे, तेही ठरलेले.

तरीही १८९६ मध्ये दुष्काळ आला तेव्हा संहिता होती ती कचेरीच्या कपाटात. जिच्यासाठी ती लिहिली, त्या रयतेला तिचा पत्ता नव्हता. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी खेडोपाडी फिरून लोकांना संहितेतले हक्क मराठीत समजावले. सरकारला हे रुचले नाही. १८९७ मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली गेली. तो दुष्काळ आणि पाठोपाठ आलेला १८९९-१९०० चा दुष्काळ, दोन्हींत अपार माणसे गेली. दोन्ही वेळा नवे आयोग बसले, संहिता तपासली गेली. आमचे चारठाणे तेव्हा निजामाच्या मुलखात होते. ती संहिता इंग्रजी अमलातली. पण दुष्काळाला सरहद्द कुठली?

या इतिहासातून मला एवढेच उमगते. वही लिहिणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे, ज्याच्यावर वेळ येणार आहे त्याच्या हाती ती देऊन तपासून घेणे. ब्राउझर लिहिलेले वाचतो; कुणी न लिहिलेले त्याला कसे कळणार? शिवाय एखाद्या पानात कुणी कपटाने दडवलेली सूचनाही तो मालकाचा हुकूम समजून पाळू शकतो. म्हणजे पहारा माणसालाच द्यावा लागतो.

मी भाच्याला म्हणालो, "बेटा, ही वही त्याला वाचून दाखव, जो त्या रात्री तुझ्यासोबत जागा होता."

त्याने जोडीदाराला फोन लावला. ईद मुबारक झाले आणि मग एकेक पायरी वाचणे सुरू झाले. सातव्या पायरीला पलीकडून आवाज आला, "थांब, त्या खोलीची किल्ली रात्री वॉचमनकडे असते. ते कुठं लिहिलंय?"

कुठेच लिहिले नव्हते. भाच्याने वाटी खाली ठेवली आणि ती ओळ स्वतःच्या हाताने टंकली.