तीनपत्तीची कुळकथा

संध्याकाळीं चर्चगेटहून सुटणाऱ्या विरार गाडीच्या डब्यांत चार गृहस्थ समोरासमोर बसलेले असतात. त्यांच्या गुडघ्यांवर एक चपटी बॅग आडवी ठेवलेली असते, आणि गाडी ग्रँट रोड ओलांडते न ओलांडते तोंच तिच्यावर पत्ते पडूं लागतात. दादर, अंधेरी, बोरीवली हीं स्थानकें येतात आणि जातात. डाव कांहीं मोडत नाहीं. भाईंदरच्या पुढें खाडीच्या पुलावर वारा आंत शिरतो, तेवढ्यापुरतीं पानें हातानें दाबून धरलीं जातात, इतकेंच. ही वाट जुनी आहे. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईच्या बॅक बेकडे पहिली गाडी निघाली, तेव्हां दिवसांतून जाण्याची एक व येण्याची एक अशा दोनच फेऱ्या होत्या. १९३६ सालीं विजेची गाडी विरारपर्यंत आली, आणि पुढें वसई, नालासोपारा, विरार हीं गांवें मुंबईच्या नोकरदारांचीं बिऱ्हाडें झालीं. साठ किलोमीटरांच्या या रोजच्या प्रवासाला पत्त्यांसारखा सोबती दुसरा नाहीं.

मात्र डब्यांत चालतो तो डाव बहुधा मेंढीकोटाचा किंवा रमीचा. तीनपत्तीचा डाव तेथें सहसा पडत नाहीं. कारण उघड आहे. मेंढीकोट पैशावांचून रंगतो. दहिल्या पकडण्याचा आनंद हाच त्यांतला लाभ. तीनपत्तीतून पैसा काढून घेतला, तर उरतात तीं तीन निर्जीव पानें. म्हणून ती घरीं खेळली जाते; दिवाळींत, लक्ष्मीपूजन आटोपल्यावर, दार लोटून घेऊन, सतरंजीवर कोंडाळें करून. वसई-विरारकडे स्थायिक झालेल्या काठेवाडी कुटुंबांत श्रावणांतल्या सातम-आठमलाही हा फड बसतो. आजी खेळते, सुना खेळतात, आणि एरवीं पत्त्यांना शिवूं न देणारे वडीलही त्या रात्रीं मुलांना खुर्द्याची वाटी पुढें करतात. हा खेळ इतका घरचा वाटतो, कीं तो कोठून आला हें विचारण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं.

तो आला इंग्लंडांतील पानगृहांतून. गांवोगांवच्या ज्या मद्यगृहांना तेथें ‘पब’ म्हणतात, त्यांच्या लांकडी मेजांवर पिढ्यान् पिढ्या ‘ब्रॅग’ नांवाचा पत्त्यांचा खेळ चालत आला आहे. ब्रॅग म्हणजे बढाई. हातीं कांहीं नसतांना पुष्कळ असल्याचा आव आणावयाचा, आणि समोरच्याला भिववून पानें टाकावयास लावावयाचीं, हें त्या खेळाचें सार त्याच्या नांवांतच आहे. पत्त्यांच्या खेळांचा शास्त्रकार म्हणून ज्याचें नांव आजही घेतलें जातें, त्या एडमंड हॉइलनें १७५१ सालीं या खेळावर एक छोटें पुस्तक लिहिलें. शिपाई, खलाशी, खाणकामगार यांचा हा आवडता खेळ, आणि ब्रिटिश पलटणी जेथें जेथें गेल्या तेथें तेथें तो त्यांच्या सामानाबरोबर गेला. व्हिस्ट आणि ब्रिज हे खेळ साहेबाच्या दिवाणखान्यांतून आपल्या सुशिक्षितांपर्यंत आले, पुस्तकें वाचून शिकले गेले. ब्रॅगला पुस्तक लागलें नाहीं. बराकींत, जहाजांवर, रेल्वेच्या वसाहतींत जो बाजूला उभा राहून पांच मिनिटें पाहील, त्याला तो येऊं लागे.

या नात्याला पुरावा काय, असा प्रश्न कोणीही करील. दोन देशांतील माणसें तीन पानें हातीं घेतात एवढ्यानें कूळ एक ठरत नाहीं. येथें पोथ्यांच्या संशोधकांची एक युक्ति उपयोगीं पडते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या नेतृत्वाखालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम चाललें, तेव्हां शेंकडों पोथ्यांचें परस्परांशीं नातें लावावें लागलें. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ सारखा असला, तर त्यावरून फारसें सिद्ध होत नाहीं. शुद्ध पाठ कोणीही राखील. परंतु दोहोंत एकाच जागीं एकच चूक असली, कीं त्या एका घरच्या ठरतात.

तीनपत्तींत अशी एक चूक आहे. बावन्न पानांतून तीन पानें एकंदर २२,१०० प्रकारांनीं हातीं येऊं शकतात. त्यांपैकीं साधी जोडी ३,७४४ वेळां येते, एकरंगी पानें म्हणजे ‘कलर’ १,०९६ वेळां, आणि क्रमवार पानें म्हणजे ‘सीक्वेन्स’ ७२० वेळां. म्हणून जोडीहून कलर वरचा व कलरहून सीक्वेन्स वरचा. जें दुर्मिळ तें श्रेष्ठ, हा न्याय येथपर्यंत बरोबर पाळला गेला आहे. परंतु शिखराशीं येतांच तो मोडतो. तीन सारखीं पानें, ज्यांना खेळणारे ‘ट्रेल’ म्हणतात, तीं ५२ प्रकारांनीं येतात. आणि एकाच रंगाचीं क्रमवार पानें, म्हणजे ‘प्युअर सीक्वेन्स’, फक्त ४८ प्रकारांनीं. दुर्मिळतेच्या हिशेबानें प्युअर सीक्वेन्स वर असावयास हवा. असतो मात्र ट्रेल. आतां इंग्लंडांतल्या तीन पानांच्या ब्रॅगमधील क्रम पाहावा. तेथेंही तेच सहा प्रकार, त्याच उतरंडीनें, आणि शिखरावर तीच चूक. तीन सारख्या पानांना तेथें ‘प्रायल’ म्हणतात; ‘पेअर रॉयल’चा तो अपभ्रंश. आपला ‘ट्रेल’ हा त्या प्रायलचाच आणखी एक अपभ्रंश असावा, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

दुसरी खूण याहून बोलकी आहे. तीनपत्तींत पानें न पाहतां खेळणारा ‘ब्लाइंड’, आणि पानें पाहून खेळणाऱ्याला त्याच्या दुप्पट पैसे लावावे लागतात. ब्रॅगमध्येंही अंधळ्याला निम्मी किंमत, डोळसाला दुप्पट. इतकेंच नव्हे, तर पानें पाहिलेल्यानें न पाहिलेल्याकडे ‘शो’ मागूं नये, हा जुन्या फडांतला नियमही पबमध्यें तसाच आहे. अंधळ्याला ‘पाहतां’ येत नाहीं, अशी त्यावर तेथें एक म्हणच झाली आहे. इतका विचित्र कायदा दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें सुचेल, हें संभवत नाहीं.

काळाचा अंदाजही नियमांवरूनच बांधतां येतो. हॉइलच्या काळच्या ब्रॅगमध्यें जोडी व तिहेरी जोडी यांनाच मोल होतें, आणि कांहीं ठराविक पानें वाटेल त्या पानाची जागा घेत. क्रमाचीं व एकरंगी पानें मोलाला चढलीं तीं मागाहून. तीनपत्तींत तीं प्रथमपासूनच घट्ट बसलेलीं आहेत. तेव्हां पेशवाईंत इंग्रज वकिलाच्या तंबूंतून हा खेळ आला, अशी कल्पना रम्य असली तरी टिकणारी नाहीं. तो एकोणिसाव्या शतकांतल्या अगर त्यानंतरच्या ब्रॅगचा वंशज आहे.

खुद्द पत्ते मात्र त्याच्या कितीतरी आधींचे. बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शाह हसनास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तांत आहे. सावंतवाडीस लाखेच्या वाटोळ्या पानांचा दशावतारी गंजिफा आजही रंगविला जातो. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकीं बारा पानें, मिळून १२० पानांचा संच. तो खेळ स्मरणशक्तीचा आणि सवडीचा. दुपारभर चालावा असा. युरोपियन पत्ते पश्चिम किनाऱ्यावर अनेक बंदरांतून उतरले. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, वेंगुर्ल्यास डचांची वखार होती, आणि ‘किलवर’ हा शब्द उच्चारतांना डचांचा ‘क्लावर’ कानीं येतो, कारण त्या पानाचें त्यांच्या भाषेंतील नांवच तें आहे. बदाम आणि चौकट हीं नांवें मात्र आपल्या लोकांनीं आकृति पाहून ठेवलीं. पुढें १८३१ सालीं लंडनच्या थॉमस द ला रू यांस यंत्रावर पत्ते छापण्याची सनद मिळाली, आणि अशा छापील पत्त्यांपुढें हातानें रंगविलेल्या गंजिफ्याचा टिकाव लागेना. थोडक्यांत, पानें एका वाटेनें आलीं आणि हा डाव दुसऱ्या.

परंतु बीं आलें म्हणजे झाड होतेंच असें नाहीं. पबमधले दुसरे खेळ येथें रुजले नाहीत. क्रिबेजचें नांवही आपल्याकडे कोणी घेत नाहीं, आणि भिंतीवर बाण फेंकण्याचा डार्ट्स क्लबांच्या बाहेर फारसा पडला नाहीं. ब्रॅग रुजला, कारण त्याच्यासाठीं जमीन केव्हांच नांगरून ठेवलेली होती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील जुगाऱ्याचें सूक्त, सभापर्वांतील फाशांचा पट, हें सर्व श्रोत्यांना परिचितच आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, कीं आपल्या पंचांगांत जुगाराला एक अधिकृत दिवस आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला ‘द्यूतप्रतिपदा’ असेंही म्हणतात. त्या दिवशीं शंकर-पार्वती सारीपाट खेळलीं, आणि त्या दिवशींच्या हारजितीवरून वर्षाचें फळ कळतें, अशी समजूत आहे. वर्षभर निषिद्ध असलेल्या गोष्टीला एक दिवस मोकळीक, हा तोडगा कांहीं आपलाच नव्हे. आठव्या हेन्रीच्या राज्यांत १५४१ सालीं झालेल्या कायद्यानें इंग्लंडांतील कारागीर व नोकरचाकर यांना पत्ते खेळण्याची बंदी झाली. अपवाद ठेवला तो नाताळचा. म्हणजे नाताळांत सुटणारा खेळ दिवाळींत येऊन बसला. बदललें तें भोंवतालचें दृश्य. तेथें बिअरचे पेले, येथें करंज्या-चकल्यांचीं ताटें. तेथें बहुतेक पुरुषच, येथें सगळें कुटुंब.

नव्या घरीं आल्यावर त्यानें कांहीं रीति टाकल्या. इंग्लंडांत सर्वांत वरचा हात तीन तिऱ्र्यांचा मानतात. तीन पानांच्या खेळांत तिऱ्र्यांचा तो मान. आपल्या लोकांना ही गंमत पटली नाहीं. येथें तीन एक्क्यांपुढें कोणी नाहीं. इंग्लंडांत एक्का-दुर्री-तिर्री हा क्रम सर्वांत वरचा. आपल्याकडे बऱ्याच घरीं एक्का-राजा-राणी वरचा आणि एक्का-दुर्री-तिर्री दुसरा, तर कांहीं घरीं याच्या उलट. यावरून दर दिवाळींत भांडण होतें, म्हणून शहाणीं माणसें पहिलें पान वाटण्यापूर्वींच हा मुद्दा निकालांत काढतात. नांवही बदललें. इंग्रजानें खेळाला त्याच्या स्वभावावरून नांव दिलें होतें. आपण पानें मोजून दिलें. बढाई नांवांतून गेली, हातांतून गेली नाहीं.

कायद्याची दृष्टि या खेळावर पहिल्यापासून वांकडी. मुंबई इलाख्याचा १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रांत अद्याप चालूं आहे. केवळ कौशल्याच्या खेळांना त्यानें वगळलें आहे. कौशल्य कोणत्या खेळांत, हा प्रश्न सिकंदराबादच्या एका क्लबांतील रमीच्या निमित्तानें सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. १९६७ सालच्या निकालांत न्यायमूर्ति हिदायतुल्ला यांनीं रमीला कौशल्याच्या बाजूस बसविलें. आणि तीन पानांचा जो खेळ ‘फ्लश’, ‘ब्रॅग’ इत्यादि नांवांनीं चालतो, तो निव्वळ नशिबाचा, असें म्हटलें. गंमत अशी, कीं तीनपत्तीचें मूळ नांव यायोगें भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरींच नोंदलें गेलें आहे.

निकालाविषयीं आदर बाळगूनही असें म्हणावें लागतें, कीं त्यांत खेळाचा एकच अर्धा भाग आला. पानें येतात तीं नशिबानें, हें खरें. परंतु रिकाम्या हातानें चाल वाढवीत जाणें, समोरच्याच्या पापणीवरून त्याचीं पानें ओळखणें, हें नशिबाचें काम नव्हे. खरा धोका निराळ्याच ठिकाणीं आहे. मर्यादा न ठेवतां हा डाव चालला, तर शेवटीं कौशल्यही जिंकत नाहीं आणि नशीबही जिंकत नाहीं. ज्याची थैली खोल तो जिंकतो. गरीबाला चांगलीं पानें घेऊन उठावें लागतें, कारण पुढची चाल लावावयास त्याच्याजवळ कांहीं उरलेलें नसतें. शिवाय अंधळ्याला निम्मी किंमत हा नियम माणसाला डोळे मिटून आंत ओढतो. पहिले पैसे इतके थोडे, कीं पानें पाहण्याचेही श्रम नको वाटतात; आणि पानें पाहण्याची वेळ येते, तेव्हां मध्यें बराच पैसा पडलेला असतो. जुन्या घरांतील वडीलधारी माणसें दिवाळीच्या फडावर चार आण्यांची मर्यादा घालीत आणि पहाटे जिंकलेले पैसे मुलांना वांटून टाकीत, त्यांना हें पूर्ण ठाऊक होतें. नाक्यावरच्या अड्ड्यावर असे वडील नसतात. मोबाईल दूरध्वनीच्या पडद्यावर तर नसतातच. तेथें समोरच्याची पापणीही दिसत नाहीं, आणि दिवाळी बारा महिने असते. ऑगस्ट १९२५ च्या नव्हे, २०२५ च्या त्या महिन्यांत संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ती रमीला आणि तीनपत्तीला सारखीच. कौशल्य कीं नशीब, हा जुना भेद त्या कायद्यानें बाजूस ठेवला.

विरार गाडींतल्या चौघांना याचें सुखदुःख नाहीं. नालासोपारा मागें पडतें, तसा मेंढीकोटाचा शेवटचा हात घाईनें खेळला जातो. हरलेले दोघे पानें गोळा करतात, त्यांना रबराचें वेटोळें बसतें, आणि कोणीतरी विचारतो, यंदा दिवाळींत फड कोणाकडे?